मोटारीच्या घशातली काजळी घरच्या घरी कशी काढाल?



या पानावर आपण नेहमी हुमणी, करपा, माती परीक्षण, ठिबक अशा विषयांवर बोलतो. आज मात्र मी मोटारीविषयी लिहिणार आहे. शेती खात्यातल्या माणसाने मोटारीत नाक का खुपसावे, असे तुम्हाला वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या श्रीगोंदा तालुक्यात वस्ती-वस्तीवर मोटार आली आहे. उसाचे बिल हाती आले, कांद्याला एखाद्या वर्षी भाव सापडला किंवा लिंबाची बाग धरती झाली, की घरातली पोरे म्हणतात, "आण्णा, आता एक चारचाकी घेऊ." ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातची, दहा-बारा वर्षे चाललेली पेट्रोल गाडी असते. लग्नकार्य, दवाखाना, काष्टीचा बाजार, मुलीचे सासर या सगळ्यांसाठी तिचाच आधार. बैलाची, गाईची निगा आपल्याला वाडवडिलांनी शिकवली. मोटारीची निगा मात्र कोणी शिकवली नाही, म्हणून हा लेख.

एका रात्रीची गोष्ट

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. मार्गशीर्षातली थंडीची रात्र होती. कारखान्याचे गाळप जोरात चालू होते आणि रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्यांची रांग लागली होती. अकराच्या सुमारास शेजारच्या वस्तीवरच्या मावशी दारात आल्या. सून अडलेली, पहिलीच खेप, आणि रुग्णवाहिका यायला वेळ लागणार होता. "भाऊसाहेब, गाडी काढता का?" एवढेच त्या म्हणाल्या.

मी गाडी काढली. पहिल्या गतिरोधकावर पाय उचलला तशी गाडी बंद पडली. चावी फिरवली, चालू झाली. पुढे एका ट्रॉलीमागे हळू व्हावे लागले, तेथे पुन्हा बंद. हा प्रकार मला नवा नव्हता. महिना-दीड महिना ती अशी मधूनच बंद पडत होती. पण लगेच चालू होते म्हणून मी टाळत आलो होतो.

तिसऱ्या वेळी मात्र ती कालव्याच्या अरुंद पुलावरून उतरताना बंद पडली. समोरून भरलेली जोडट्रॉली येत होती. इंजिन बंद पडताच स्टिअरिंग जड झाले. दोनदा ब्रेक दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा लागू लागला. दोन्ही पाय रोवून मी कशीबशी गाडी डाव्या कडेला थांबवली. ट्रॉली वीतभर अंतरावरून गेली. मागच्या सीटवर ती पोर कण्हत होती आणि मावशी देवाचे नाव घेत होत्या.

देवाची कृपा म्हणून आम्ही वेळेत पोहोचलो. पहाटे मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. सकाळी चहा घेताना मावशी मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही आम्हाला सारखं सांगता, पंपाचं नोजल साफ ठेवा, ठिबकचा फिल्टर धुवा. मग तुमच्या गाडीचं काय तुंबलं होतं?"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. पण माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच दिवशी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीने हवेचा जाड रबरी पाइप काढला, आत बॅटरीचा उजेड पाडला आणि मला बोलावून दाखवले. आत कंदिलाच्या काचेवर बसते तशी काळीकुट्ट, चिकट काजळी होती. "साहेब, हिचा घसा बसलाय," तो म्हणाला. अर्ध्या तासात त्याने तो साफ केला आणि गाडी पूर्वीसारखी शांत फिरू लागली. ज्या गोष्टीने आमचा जीव टांगणीला लागला, तिची दुरुस्ती एवढीशी होती. ती मी शिकून घेतली. आता दर वर्षी घरीच करतो. तीच तुम्हाला सांगतो.

हा घसा म्हणजे काय?

इंजिनाच्या या भागाला थ्रॉटल बॉडी म्हणतात. एअर फिल्टरमधून गाळलेली हवा रबरी पाइपातून इंजिनाकडे जाते. त्या वाटेवर, इंजिनाला लागूनच, ॲल्युमिनियमची एक गोल नळी असते आणि तिच्यात रुपयापेक्षा मोठी एक गोल चकती आसावर फिरते. आपण ॲक्सिलेटर दाबला की चकती उघडते आणि हवा जास्त जाते. पाय काढला की ती जवळजवळ मिटते. पाटाच्या पाण्याला जशी बारी, तशी इंजिनाच्या हवेला ही चकती.

इंजिनाला हवा किती लागते, याची आपल्याला कल्पना नसते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे नऊ-दहा हजार लिटर हवा इंजिन ओढते. दोनशे लिटरचे पिंप धरले तर पन्नासच्या आसपास पिंपे झाली! आणि ही हवा आपल्याकडची. उन्हाळ्यात काळ्या रानाचा फुफाटा, गाळपाच्या दिवसांत ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ, मळणीचा भुसा. एअर फिल्टर बरीचशी धूळ अडवतो. फिल्टर फाटका असेल, नीट बसला नसेल किंवा वर्षानुवर्षे बदलला नसेल, तर बारीक धूळ पुढे जाते.

पण काजळी एकट्या धुळीने होत नाही. इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ तयार होते. ती बाहेर सोडून हवा बिघडू नये म्हणून एका लहान नळीने पुन्हा हवेच्या वाटेत आणून जाळली जाते. तेलाची वाफ आणि धूळ एकत्र आली की चुलीवरच्या भिंतीला धरतो तसला चिकट थर धरतो. इंजिन झिजलेले असेल किंवा ऑइल खुणेपेक्षा जास्त भरलेले असेल, तर हा थर लवकर बसतो. म्हणून "थोडे जास्त असलेले बरे" असे म्हणून ऑइल वर भरू नका.

लगेच कळत का नाही?

गाडी उभी असते आणि पाय ॲक्सिलेटरवर नसतो, तेव्हा इंजिन मंद फिरते. त्याला गॅरेजवाले आयडलिंग म्हणतात. गरम झालेले पेट्रोल इंजिन तेव्हा मिनिटाला साधारण सातशे ते नऊशे फेरे घेते. त्या वेळी चकती जवळजवळ मिटलेली असते आणि काठाशी राहिलेल्या बारीक फटीतून किंवा बाजूच्या लहान वाटेने इंजिन श्वास घेते. काजळी नेमकी त्याच फटीत बसते. भरधाव जाताना चकती उघडी असते, म्हणून काही जाणवत नाही. पाय उचलला की मात्र इंजिन गुदमरते.

पूर्वीच्या गाड्यांना कार्बुरेटर होता. १९८३ साली मारुती ८०० आली तीही कार्बुरेटरचीच होती. त्याचा स्क्रू जरा पिळला की रेस कमी-जास्त करता येई. २००० सालानंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा मोटारींतून कार्बुरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्शनची पद्धत आली आणि सगळे काम एका छोट्या संगणकाकडे गेले. काजळीने फट कमी झाली की हा संगणक चकती किंवा बाजूची वाट केसभर जास्त उघडतो आणि भागवून नेतो. ठिबकच्या नळ्या तुंबत चालल्या की आपण मोटरचा दाब वाढवून काही दिवस ढकलतो ना, तसेच हे आहे. पण त्याला मर्यादा असते. ती संपली की गाडी एकाएकी बंद पडू लागते. म्हणून मालकाला वाटते, "काल तर चांगली होती!" ती काल चांगली नव्हती. संगणक सांभाळून घेत होता, एवढेच.

लक्षणे अशी ओळखावीत. उभ्या गाडीची रेस वर-खाली होणे; गतिरोधकाला किंवा वळणावर पाय उचलताच गाडी बंद पडणे; एसी किंवा दिवे लावताच इंजिन थरथरणे; ॲक्सिलेटर सुरुवातीला चिकटल्यासारखा लागून मग एकदम सुटणे. मात्र हीच लक्षणे जुने प्लग, तुंबलेला एअर फिल्टर, तडकलेला हवेचा पाइप किंवा पेट्रोल पंपाच्या बिघाडानेही दिसू शकतात. पिवळे पान दिसले की आपण लगेच युरिया टाकत नाही, आधी मूळ पाहतो. इथेही आधी फिल्टर आणि पाइप पाहा, मग घशात डोकवा.

सामान काय लागेल?

१. थ्रॉटल बॉडी क्लीनरचा फवारा डबा. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात तो साधारण दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. डब्यावर 'थ्रॉटल बॉडी' असे लिहिलेले पाहून घ्या.
२. धागे न सुटणारे स्वच्छ सुती फडके. जुने, धुतलेले धोतर उत्तम.
३. मऊ झालेला जुना टूथब्रश.
४. पेचकस, दहा नंबरचा पाना, बॅटरी, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा.

रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने हे काम करू नका. रॉकेल-डिझेलचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ पुन्हा चिकटते. पेट्रोलच्या वाफेने तर भडका उडायची भीती. क्लीनरसुद्धा ज्वालाग्राही असतो. म्हणून काम अंगणात, मोकळ्या हवेत करा. चूल, शेगडी, उदबत्ती आणि विडी-काडी लांब ठेवा. लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

गाडी नवी असून कंपनीची हमी चालू असेल, तर घरी उघडू नका. हमीला बाध येतो. ते काम कंपनीच्या गॅरेजातच होऊ द्या.

काम कसे करावे?

पहिली पायरी. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, निदान दोन तास. चावी काढून खिशात ठेवा. बॅटरीची वजा खुणेची तार दहाच्या पान्याने सैल करून बाजूला करा. त्यामुळे गाडीतले घड्याळ पुन्हा लावावे लागेल, त्याची काळजी नको.

दुसरी पायरी. एअर फिल्टरच्या डब्यापासून निघालेला जाड काळा पाइप हाताने चाचपत इंजिनापर्यंत जा. तो जेथे ॲल्युमिनियमच्या नळीवर चढवलेला दिसतो, तेथेच थ्रॉटल बॉडी. काही काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या. कोणती नळी कोठे होती, हे पुन्हा जोडताना उपयोगी पडते.

तिसरी पायरी. पाइपाची क्लिप पेचकसाने सैल करा. त्याला जोडलेली लहान नळी आणि वायरचा प्लग हळूच सोडवा. प्लग नेहमी खटका दाबून काढावा, वायर ओढू नये. काही गाड्यांत या पाइपात हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याची तार केसासारखी नाजूक असते. त्याला हा फवारा, फडके, ब्रश काहीही लावू नका.

चौथी पायरी. बॅटरीचा उजेड पाडून आत पाहा. चकतीच्या काठाला आणि नळीच्या आतल्या अंगाला काळे कडे दिसेल. फडक्यावर फवारा मारा आणि ओल्या फडक्याने पुसा. फवारा सरळ घशात ओतू नका. द्रव आत साचला तर सुरू करताना इंजिनाला इजा होऊ शकते आणि कडेच्या सेन्सरमध्येही तो झिरपतो. कोपऱ्यातला थर टूथब्रशला फवारा लावून हळूहळू मऊ करा आणि टिपून घ्या. आपण कंदिलाची काच पुसायचो, तेवढ्याच हाताने हे करायचे.

पाचवी पायरी. आता चकतीची मागची बाजू. येथे गाडीचा प्रकार पाहावा लागतो. ॲक्सिलेटरची तार येऊन थ्रॉटलच्या बाजूच्या कप्पीला अडकवलेली दिसत असेल, तर ती तारेची गाडी. कप्पी हाताने हळू फिरवली की चकती उघडते. एकाने ती धरावी, दुसऱ्याने मागचा काठ पुसावा. आमच्याकडे कप्पी मी धरतो आणि पुसण्याचे काम आमच्या सौ. करतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तार नसेल, नुसता वायरचा जाड प्लग असेल, तर चकती विजेच्या मोटरने फिरते. ती बोटाने ढकलू नका, आतले बारीक दाते बिघडतात. चावी चालू करून कोणाला ॲक्सिलेटर दाबायला सांगून आत बोट घालणे तर फारच धोक्याचे. चकती एकदम मिटते आणि बोट चेचते. अशा गाडीत समोरून जेवढे दिसते तेवढेच पुसा. मागची बाजू गॅरेजवाल्याकडे सोडा.

सहावी पायरी. फडक्याला काळे लागणे थांबले की काम झाले. चांदीसारखी चकाकी आणायच्या मागे लागू नका. काही थ्रॉटलना आतून कारखान्यातच एक पातळ लेप दिलेला असतो. तो काळपट दिसला तरी मळ नव्हे. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, चाकू वापरलात तर तो लेप जातो आणि हवा भलत्या जागेतून जाऊ लागते. तसेच चकतीला टेकणारा लहान स्क्रू पिळू नका. जुन्या कार्बुरेटरच्या सवयीने अनेकांचा हात तिकडे जातो. तो स्क्रू कारखान्यात बसवून दिलेला असतो, रेस लावण्यासाठी नसतो.

सातवी पायरी. पंधरा मिनिटे वाळू द्या. फडके, ब्रश, स्क्रू मोजून घ्या. आत चिंधी राहिली तर इंजिन ती गिळते. मग फोटो पाहून पाइप, नळी, प्लग, क्लिपा जशाच्या तशा बसवा आणि शेवटी बॅटरीची तार जोडा.

पहिल्यांदा घरी केले तेव्हा मी लहान नळी लावायलाच विसरलो. इंजिन चालू करताच शिटीसारखा आवाज आला आणि रेस आपोआप चढली. मी घाबरलो. पण फोटो पाहिल्यावर चूक लगेच कळली. गाळली न जाता चोरवाटेने हवा आत गेली की असेच होते. तुमच्याकडे असा आवाज आला, तर आधी नळ्या आणि क्लिपा पाहा.

चालू करताना

चावी पहिल्या टप्प्यावर, म्हणजे दिवे लागतील एवढीच फिरवून अर्धा मिनिट थांबा. पाय ॲक्सिलेटरवर नको. मग चालू करा. उरलेला द्रव जळेपर्यंत क्षणभर इंजिन अडखळेल, थोडा वास आणि धूर येईल. त्यानंतर एसी व दिवे बंद ठेवून, रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत गाडी उभीच चालू ठेवा. मग एसी लावून पाच मिनिटे ठेवा.

साफ केल्यावर अनेकांची रेस उलट वाढते आणि माणूस म्हणतो, "होती तीच बरी होती!" त्याचे कारण असे की, काजळीच्या दिवसांत संगणकाला जास्त उघडायची सवय लागलेली असते. वाट मोकळी झाली तरी तो सवयीने जास्तच उघडतो. बहुतेक गाड्या थोड्या वेळात किंवा एक-दोन दिवसांच्या चालवण्यात नवे माप शिकतात. काही गाड्यांना मात्र ते माप गॅरेजमधल्या यंत्राने शिकवावे लागते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात काही सांगितले असेल तर तसे करा. दोन दिवसांनीही रेस चढलेली राहिली किंवा समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझला नाही, तर पुन्हा उघडत बसू नका. गॅरेज गाठा.

किती दिवसांनी करावे, याला पक्का नियम नाही. तीस ते पन्नास हजार किलोमीटरला एकदा उघडून पाहावे. आपल्यासारख्या धुळीच्या मुलखात त्याआधीही पाहावे. काजळी नसेल तर हात लावू नये. हे केल्याने गाडीचे ॲव्हरेज दुप्पट होईल असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. बंद पडणे थांबते, रेस स्थिर होते आणि भरवसा परत येतो. तेवढे पुरेसे आहे.

डिझेल, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल

सीएनजीवर चालणाऱ्या पेट्रोल गाडीतही असाच थ्रॉटल असतो. पण गॅसच्या नळ्यांना हात लावायचा नाही. त्या आड येत असतील तर काम गॅरेजात करून घ्यावे.

ट्रॅक्टर व जुन्या डिझेल गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांची रेस हवेने नव्हे, डिझेलच्या मापाने कमी-जास्त होते. तेथे अशी चकती शोधत बसू नका. नव्या डिझेल गाड्यांत हवेच्या वाटेवर झडप असते, पण तिचे काम निराळे आणि ते जाणत्या मिस्त्रीचेच. ट्रॅक्टरला मात्र एअर क्लीनर सांभाळा. माझे वडील विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा क्लीनर न चुकता उघडत. त्यातले मातीने जड झालेले तेल मला दाखवून म्हणत, "बघ, हे सगळं इंजिनाच्या पोटात गेलं असतं." तुमच्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा क्लीनर असेल, तर धुळीच्या कामात वाटी रोज पाहा आणि तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलेले तेल इंजिन ओढून घेते आणि डिझेल इंजिन त्या तेलावर बेफाम पळू शकते. कागदी फिल्टर असेल तर तो धुऊ नका. आतून बाहेर, कमी दाबाची हवा मारा आणि फाटला असेल तर बदला.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि जवळजवळ सर्व नव्या मोटारसायकलींत कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आले. म्हणजे पोराच्या नव्या मोटारसायकललाही आता थ्रॉटल बॉडी आहे. ती लहान आणि सेन्सरने वेढलेली असते, म्हणून घरी उघडू नये. पण एअर फिल्टर वेळेवर बदलणे आपल्या हातात आहे. तेलाचा हात दिलेला कागदी फिल्टर असेल तर तो फुंकू नये, धुऊ नये, मुदत भरली की नवाच टाकावा.

वाटेत बंद पडली तर

एवढे सगळे करूनही गाडी चालता-चालता बंद पडली, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घरातल्या गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना, सुना-मुलींनाही, सांगून ठेवा. एक, चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंगला कुलूप बसते. दोन, इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत संपते, पण ब्रेक संपत नाही. पाय उचलून पुन्हा पुन्हा दाबू नका. एकदाच जोर लावून दाबून धरा. चारही बाजूंचे दिवे लुकलुकते करून गाडी डावीकडे घ्या, न्यूट्रल करा आणि मग चालू करा.

आपण पोळ्याला बैल धुतो, त्याचे खूर पाहतो, शिंगे रंगवतो. खंडेनवमीला अवजारे पुसून पुजतो आणि दसऱ्याला मोटारीला झेंडूचा हार घालतो. येत्या खंडेनवमीला हार घालण्याआधी बॉनेट उघडा. एअर फिल्टर पाहा, ऑइलची खूण पाहा, पाइप सोडवून घशात डोकवा. त्यानंतर थोड्याच दिवसांत गाळप सुरू होते, रस्त्यावर ट्रॉल्या येतात आणि धूळ उठते. रात्री-अपरात्री कोण दारात येऊन "गाडी काढता का?" म्हणेल, हे आपल्या हातात नसते.

मावशींची ती नात आता चालायला लागली आहे. आमच्या अंगणात येते आणि गाडीच्या चाकाशी माती उकरत बसते. बॉनेट उघडले की मावशी लांबूनच विचारतात, "भाऊसाहेब, नोजल साफ केलं का?" मी फडके वर करून दाखवतो.